मदत हवी आहे : एक पंचवाला, एक फ्रीस्टाइलवाला. बॅटलचे राउंड कसे ठेवू?

चेंबूरबीट
चेंबूरला बंदिस्त हॉलमध्ये रॅप बॅटल ठेवतोय, शंभर-सव्वाशे माणूस. एक गडी संथ, सगळं घरून लिहून आणणारा, दुहेरी अर्थाचे पंच (शेवटी फुटणाऱ्या जोरदार ओळी), फक्त मराठी. दुसरा बीटवर सुसाट, जागेवर जुळवणारा, मराठी-हिंदी मिसळून समोरच्याची टोपीपासून चपलेपर्यंत टर उडवणारा. विचार असा : ९० बीपीएमची (मिनिटाला ९० ठोक्यांची) बीट, प्रत्येकी १६ बार, तीन राउंड. चालेल?

सोळामात्रा
नाही चालणार. ९० बीपीएमला चार ठोक्यांचा बार २.६७ सेकंदांचा, १६ बार ४३ सेकंदांत खलास. पंचवाला तीन बार मांडणी करतो, चौथ्यात फोडतो. पब्लिक ओरडतं, बीट थांबत नाही, पुढचे दोन बार गोंगाटात जातात. म्हणजे पंच जेवढा भारी तेवढं त्याचंच नुकसान! उलट तिन्ही राउंड बीटशिवाय ठेवले तर दुसऱ्याच्या हातातलं निम्मं हत्यार काढून घेतल्यासारखं.

मधला मार्ग काढत बसू नका. एकेकाला त्याचं मैदान द्या, तिसरं सामायिक.

पहिला राउंड बीटशिवाय, प्रत्येकी २ मिनिटं. आरडाओरडा झाला की होस्टने घड्याळ थांबवायचं. दुसरा ९० च्या बीटवर, प्रत्येकी १६ बार, आलटून पालटून दोनदा. बीट दोघांनाही तिथेच पहिल्यांदा ऐकवायची, सुरुवातीचे ४ बार मोकळे सोडून. तिसऱ्यात ४-४ बारची देवाणघेवाण, प्रत्येकी सहा वेळा. दोन मिनिटांच्या जरा वर जाईल.

कुर्लावेस्ट
तिसऱ्यात पंचवाला घरून आणलेले चार-चार बारच सोडत बसेल, त्याचं काय?

सोळामात्रा
कलगी-तुऱ्याचा कायदा लावा : सवाल टाकला की जवाब द्यावाच लागतो. समोरच्याच्या शेवटच्या ओळीतला शब्द, यमक किंवा आरोप पहिल्या दोन बारांत उचलला नाही तर ती फेरी त्याच्या विरोधात. हे जजना आणि दोन्ही गड्यांना आधीच सांगा, स्टेजवर नको.

नंतर बोलणाऱ्याला उलट वार करायची संधी मिळते, त्यामुळे क्रमावरून भांडणं होतात. टॉस जिंकणारा पहिल्या राउंडचा क्रम ठरवेल, दुसऱ्यात तो उलटा, तिसऱ्याचा टॉस हरलेला ठरवेल.

चेंबूरबीट
जज किती? मार्क १० पैकी?

कुर्लावेस्ट
तीन, आणि तिघांनाही दोन्ही भाषांतले श्लेष कळायला हवेत. मार्कांची बेरीज करूच नका. एकाने एक राउंड दणकून मारला की बेरजेत बाकीचे दोन हरलेले झाकले जातात. प्रत्येक जजने प्रत्येक राउंड कुणाचा एवढंच चिठ्ठीवर लिहायचं, राउंड संपल्यासंपल्या. शेवटी लिहिलं की तिसरा राउंडच आठवतो. पब्लिकच्या आवाजावर निकाल तर नकोच, चपलेवरच्या जोकला श्लेषापेक्षा जास्त शिट्ट्या पडतात.

चोक झाला, म्हणजे मध्येच ओळ विसरून अडकला, तर बीटशिवायच्या राउंडमध्ये घड्याळ चालूच ठेवायचं, ओळ सुचवायची नाही. जात, घरातलं आजारपण, बायाबापड्या यांपैकी काय वर्ज्य ते दोघांकडून आधी लिहून घ्या.

फेडरवर_बोट
साउंडकडेही बघा. ९० ला बारात १६ अक्षरं म्हणजे सेकंदाला सहा. फरशीच्या, उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये ती एकमेकांत मिसळतात आणि मागच्या रांगेला नुसती घरघर ऐकू येते. मागच्या भिंतीला जाड पडदे लावा, बीटचा खालचा बेस कापा, बीट आवाजापेक्षा स्पष्टपणे खाली ठेवा. दोघांना सारखेच वायरचे डायनॅमिक माइक द्या. जाळीला मूठ मारून धरू देऊ नका. तसं धरलं की माइक मागचाही आवाज घेतो, शिटी वाजते आणि व्यंजनं दबतात. फास्टवाल्यांना ही खोड हमखास असते.

चेंबूरबीट
मॉनिटर (गड्यांकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) एकच आहे.

फेडरवर_बोट
मग मधोमध, दोघांच्या समोर, माइकच्या पाठीकडे तोंड करून. त्यात बीट जास्त, आवाज कमी. पंचवाल्याला पहिल्या राउंडला तो बंदच करून द्या.