जुना डेस्कटॉप चालूच होत नाही : दोष एसएमपीएसचा (यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) की मदरबोर्डचा, हे कसे ठरवावे?

प्रश्न

नमस्कार. चिपळूण तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना, असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. एका खासगी कार्यालयाने नवी यंत्रे घेतली तेव्हा जुनी विकायला काढली, त्यांतून तो आम्ही घेतला होता. त्यात एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दुसऱ्या पिढीचा कोअर आय३ प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क आहे. ग्रंथांची दाखल नोंदवही, सभासदांची खाती आणि देवघेवीच्या नोंदी आम्ही याच यंत्रावर ठेवतो.

यंदा पावसाळ्यात छताच्या कामामुळे वाचनालय बराच काळ बंद होते. उघडल्यानंतर यंत्र सुरू करायला गेलो, तर बटण दाबूनही काहीच होत नाही. पंखा फिरत नाही, बीप वाजत नाही, पुढचा दिवाही लागत नाही. मॉनिटरला वीज मिळते आणि त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लागतो, त्यामुळे सॉकेटचा दोष नाही. कॅबिनेटचे झाकण काढून पाहिले असता मदरबोर्डवरचा एक छोटा हिरवा दिवा अगदी मंद लागलेला दिसतो. बंद ठेवण्याआधीच्या काही आठवड्यांत घड्याळ मागे पडत होते, एवढीच जुनी तक्रार.

दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी झाकण न उघडताच "मदरबोर्ड गेला, दुसरे जुने यंत्र घ्या" असे सांगितले. वाचनालयाचे अनुदान पाहता तो खर्च आम्हाला जड आहे. आमचे एक सभासद वायरमन असून त्यांच्याकडे मल्टीमीटर आहे. नेमका दोष कशात आहे हे त्याच्या मदतीने आम्हाला खात्रीने ठरवता येईल का?

उत्तर १

नक्की ठरवता येईल, आणि मोजमाप केल्याशिवाय कोणताही भाग विकत घेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. "मदरबोर्ड गेला" हे निदान सर्वांत शेवटी यायला हवे, कारण ते इतर सर्व शक्यता वगळल्यानंतरच सिद्ध होते.

प्रथम साध्या गोष्टी तपासा. एसएमपीएसच्या मागच्या बाजूचा स्विच चालू आहे ना, आणि तिथेच ११५/२३० असा लाल सरकता स्विच असल्यास तो २३० वरच आहे ना, हे पाहा. हा स्विच चुकून ११५ वर गेला असेल तर आपल्याकडच्या विजेवर एसएमपीएस तत्काळ जळतो, म्हणून त्याला चालू स्थितीत हात लावू नये. पॉवर कॉर्डसाठी मॉनिटरची कॉर्ड लावून पाहावी, कारण दोन्ही बहुधा एकाच प्रकारच्या असतात.

त्यानंतर एसएमपीएसचे काम समजून घेणे आवश्यक आहे. यंत्र बंद असले, पण मुख्य वीज चालू असली, तरी एसएमपीएस मदरबोर्डला जांभळ्या वायरीतून सतत ५ व्होल्टचा थोडा पुरवठा करत असतो. त्याला स्टँडबाय म्हणतात. आपण बटण दाबतो तेव्हा या पुरवठ्यावर जागे असलेले मदरबोर्डवरचे सर्किट हिरवी वायर ग्राउंडला जोडते आणि मगच एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो. म्हणजेच स्टँडबाय नीट नसेल तर बटण, रॅम, प्रोसेसर यांचा विचार करण्यात अर्थच नाही.

म्हणून पहिले मोजमाप जांभळ्या वायरीचे करा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब कोणत्याही काळ्या वायरीपाशी आणि लाल प्रोब एसएमपीएसकडून मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनांच्या जोडाच्या मागच्या बाजूने जांभळ्या वायरीच्या शेजारून धातूला टेकेल इतका आत सरकवा. जोड मदरबोर्डमध्ये बसवलेलाच असू द्या. वाचन ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान असायला हवे. तुमच्या बोर्डवरचा दिवा लागतो, त्यामुळे काहीतरी पुरवठा पोहोचतो आहे हे खरे, पण तो मंद आहे हे तुम्ही नोंदवले ते महत्त्वाचे आहे. तसा दिवा तीन व्होल्टलाही लागतो, तेव्हा त्यावरून पुरवठा पुरेसा आहे असे समजू नका. वाचन ४.७५ पेक्षा कमी आले तर तिथेच थांबा आणि जोड मदरबोर्डमधून काढून पुन्हा मोजा.

वाचन योग्य असेल तर हिरवी वायर मोजा. यंत्र बंद असताना तिच्यावर साधारण ३ ते ५ व्होल्ट दिसतात आणि बटण दाबताच ते शून्याजवळ आले पाहिजेत. ते शून्याजवळ आले आणि तरीही पंखा हलला नाही, तर एसएमपीएस दोषी असण्याची किंवा मुख्य पुरवठ्यावर कुठेतरी शॉर्ट असल्याने तो स्वतःला लगेच बंद करत असण्याची शक्यता आहे. अजिबात खाली आले नाहीत, तर संशय बटणावर किंवा बोर्डवर जातो. दमट हवेत पुढचे बटण गंजते, म्हणून मदरबोर्डवरून बटणाची वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवून पाहावे. रिसेटची वायरही काढून ठेवा, कारण ते बटण आत अडकले असेल तर बोर्ड पुढे जातच नाही.

एसएमपीएस सुटा करून तो चालू होतो का हे पाहण्यासाठी हिरवी आणि काळी वायर जोडण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे. ती करायला हरकत नाही, मात्र एखादी हार्ड डिस्क किंवा डीव्हीडी ड्राइव्ह भार म्हणून लावावी, कारण काही जुने एसएमपीएस भाराशिवाय चालत नाहीत. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, हा समज दुकानांतही आढळतो, पण १२ व्होल्टचा पंखा ९ व्होल्टवरही फिरतो, तेव्हा पंख्याकडे न पाहता मीटरकडे पाहा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. एसएमपीएसचा डबा उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत डीसी होते तेव्हा मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. वायरमन मित्रांना हे माहीत असेल, तरीही सांगितलेले बरे.

उत्तर २

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु भार म्हणून हार्ड डिस्क लावण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही, निदान या ठिकाणी तरी नाही. ज्या एसएमपीएसबद्दल संशय आहे त्याला वाचनालयाची एकमेव हार्ड डिस्क जोडून चाचणी करणे धोक्याचे आहे. बिघडलेल्या एसएमपीएसमधून ५ किंवा १२ व्होल्टऐवजी जास्त दाब आला तर डिस्कवरचे सर्किट क्षणात जळते, आणि मग वीसेक रुपयांच्या फ्यूजसारखा तो भाग बदलून माहिती परत मिळत नाही. भारासाठी डीव्हीडी ड्राइव्हच वापरा.

माझ्या मते या यंत्राचे भवितव्य काहीही ठरो, सर्वांत आधी डिस्क बाहेर काढावी. यंत्र निकामी झाले तर दुसरे मिळेल. दाखल नोंदवही पुन्हा तयार करायची तर प्रत्येक कपाटासमोर बसावे लागेल. डिस्क काढण्यासाठी दोन-चार स्क्रू आणि दोन केबली एवढेच काम असते. ती डेस्कटॉपची, म्हणजे साडेतीन इंची असल्याने तिला १२ व्होल्टही लागतात; म्हणून लॅपटॉपच्या छोट्या डिस्कसाठी मिळणारी नुसती यूएसबी केबल चालणार नाही. स्वतंत्र अडॅप्टर असलेला सॅटा-यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून यूएसबीने जोडण्याचे साधन) घ्यावा किंवा कोणाकडून काही तासांसाठी मागून आणावा.

दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर विंडोजने "फॉरमॅट करायचे का" असे विचारले तर कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नका. जुन्या खात्याचा फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येऊ शकतो, तिथे पुढे जाण्याचा पर्याय निवडल्यास फोल्डर सहसा उघडतो. नोंदींच्या फाइली दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. त्यानंतर निश्चिंतपणे मोजमापाकडे वळा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. हायस्कूलच्या संगणक कक्षातून डॉक मिळाला. डिस्क सुस्थितीत असून सर्व नोंदी उतरवून घेतल्या आहेत आणि सध्या डिस्क बाहेरच ठेवली आहे.

मोजमाप असे आले : जोड मदरबोर्डमध्ये असताना जांभळ्या वायरीवर ३.४ व्होल्ट, जोड काढल्यावर ५.० व्होल्ट. सांगितल्याप्रमाणे आम्ही तिथेच थांबलो. याचा अर्थ मदरबोर्डच खराब आहे असा घ्यावा का?

उत्तर ३

इतक्यात तसा अर्थ घेऊ नका. या दोन वाचनांचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, एसएमपीएसचा स्टँडबाय भाग कमकुवत झाला आहे. आतले कपॅसिटर वाळले की रिकाम्या स्थितीत ५ व्होल्ट दिसतात आणि थोडाही भार पडला की दाब कोसळतो. दोन, एसएमपीएस ठीक आहे, परंतु मदरबोर्डच्या बाजूने काहीतरी स्टँडबायमधून प्रमाणाबाहेर प्रवाह ओढते आहे. हा पुरवठा साधारण दोन-अडीच अँपिअरचाच असतो, त्यामुळे अर्धवट शॉर्टही त्याला खाली आणायला पुरतो.

हे "काहीतरी" म्हणजे बोर्डच असेल असे नाही. पुष्कळ बोर्डांवर यूएसबी पोर्टांना यंत्र बंद असतानाही याच स्टँडबायमधून वीज मिळते. म्हणूनच बंद संगणकावरही काही ठिकाणी माउसचा लाल दिवा लागलेला दिसतो. तेव्हा कीबोर्ड, माउस, प्रिंटर, नेटवर्कची केबल असे बाहेरचे सर्व काही काढा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टांपासून मदरबोर्डकडे येणारी केबल उपसून मोजा, मग पुढच्या ऑडिओची, मग कार्ड असल्यास कार्ड, आणि शेवटी रॅम. प्रत्येक वेळी काहीही काढण्यापूर्वी भिंतीवरचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबा. ज्या वस्तूनंतर वाचन ५ च्या जवळ जाईल, दोष तिच्यात आहे.

माझा पहिला संशय पुढच्या यूएसबी पोर्टांवर आहे. पोर्टच्या आत प्लॅस्टिकच्या जिभेवर चार पट्ट्या असतात. एका टोकाची ५ व्होल्टची आणि दुसऱ्या टोकाची ग्राउंडची. बाहेरचे धातूचे कवचही ग्राउंडलाच जोडलेले असते. कार्यालयात वर्षानुवर्षे पेनड्राइव्ह लावून-काढून ही जीभ तुटते, पट्टी वाकते आणि कवचाला टेकायला निमित्त पुरते. त्यात कोकणातील दमट, खारी हवा आणि बंद खोली. टॉर्च लावून आत पाहा. हिरवट थर किंवा वाकलेली पट्टी दिसते का ते सांगा.

सर्व काही काढूनही वाचन वाढले नाही, तर एखादा चालू स्थितीतला एसएमपीएस मागून आणून लावा. त्याचाही दाब तसाच पडला तर मात्र बोर्डवरच शॉर्ट आहे, आणि इतक्या जुन्या बोर्डची चिप-पातळीवरची दुरुस्ती मी सुचवणार नाही. दुसऱ्या एसएमपीएसवर वाचन योग्य आले, तर तेवढाच भाग बदलायचा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

कीबोर्ड आणि माउस काढल्यावर काही फरक पडला नाही. पुढच्या यूएसबीची केबल काढताच वाचन ५.० वर गेले आणि बोर्डवरचा दिवा स्वच्छ लागला. बटण दाबल्यावर यंत्र सुरू झाले! दोनपैकी एका पोर्टमधील जीभ तुटलेली असून टोकाची पट्टी कवचाला टेकली आहे, आणि दोन्ही पोर्टांत हिरवा थर आहे.

डिस्क अजून जोडलेली नाही. पडद्यावर तारीख व वेळ चुकीची असल्याचा इंग्रजी संदेश येतो. डिस्क जोडण्यापूर्वी आणखी काही पाहायला हवे का?

उत्तर १ देणाऱ्यांचा प्रतिसाद

फार आनंद झाला. पुढची यूएसबी केबल आता पुन्हा जोडू नका; तिचे टोक चिकटपट्टीने गुंडाळून कॅबिनेटला बांधून ठेवा आणि मागचे पोर्ट वापरा. तुटलेल्या पोर्टांवर पुढून कागद चिकटवा, म्हणजे कोणी सवयीने पेनड्राइव्ह घालणार नाही.

डिस्कबाबत दुसऱ्या उत्तरातील सावधगिरी मला पटली आहे. म्हणून यंत्र चालू असताना मोकळ्या जोडांवर पिवळी, लाल आणि मुख्य जोडावर नारिंगी वायर मोजून घ्या. पिवळीवर ११.४ ते १२.६, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळाले तरच डिस्क जोडा. हा एसएमपीएस शॉर्टवर बराच वेळ ताणला गेला आहे, तेव्हा अर्ध्या तासाने, यंत्र गरम झाल्यावर, तीच मोजणी पुन्हा करा. प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत की फुगलेली, हेही पाहून घ्या.

तारखेचा संदेश बटण-सेलमुळे आहे. घड्याळ आधीपासून मागे पडत होते, तेव्हा तो बदलायला झालाच होता. बोर्डवर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपल्यामुळे बायोसमधील (यंत्र सुरू होताना बोर्डवर चालणाऱ्या मूळ प्रणालीतील) मांडणी मूळ स्थितीत गेली असेल. नवा सेल बसवल्यावर तारीख लावताना तिथेच सॅटाची, म्हणजे बोर्डने डिस्कशी संपर्क साधण्याची, पद्धत पाहा : एएचसीआय की आयडीई. विंडोज सुरू होता होता निळा पडदा येऊन यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले, तर घाबरून विंडोज नव्याने टाकू नका. ही पद्धत एकीवरून दुसरीवर नेऊन जतन करा, आणि जिच्यावर विंडोज उघडेल त्या पडद्याचा फोटो काढून वाचनालयाच्या फाइलीत लावून ठेवा.