मंडळीतूनच (म्हणजे चर्चमधूनच) नवीन मंडळी स्थापन करणारे सेवक कसे तयार करायचे? मदत हवी आहे, जरा लवकर

मोहरीचा_दाणा
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. सरळ विचारतो. आमच्या मंडळीतून दोन तरुणांना पुढच्या वर्षी नवीन मंडळी सुरू करायला पाठवायचं ठरतंय, पण ट्रेनिंग काय द्यायचं, कोर्स किती महिन्यांचा, विषय कोणते, काहीच सुचत नाहीये. शनिवारी मंडळीच्या वडिलांची (म्हणजे मंडळी चालवणाऱ्या पुढाऱ्यांची) मीटिंग आहे आणि मला तिथे छापील आराखडा ठेवायचाय. कोणाकडे तयार अभ्यासक्रम असेल तर टाका ना प्लीज.

जुनी_वही
मंडळी केवढी आहे? ते दोघं आज मंडळीत नेमकं काय करतात? लग्न झालंय का? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

रात्रीचा_दिवा
बायबल कॉलेजला पाठवा, तीन वर्षं. मी गेलो होतो म्हणून सांगतो, वचनाचा पाया पक्का नसेल तर नवीन ठिकाणी पहिल्याच वर्षी कोणीतरी चुकीची शिकवण घेऊन येतं आणि अर्धी माणसं त्याच्यामागे जातात.

तंबूवाला
असहमत. कॉलेजातून आलेल्याला परीक्षा देता येते, भांडलेल्या नवरा-बायकोसमोर बसता येत नाही. बायबलमध्येच बघा, तरुण तीमथ्याबद्दल लुस्त्र आणि इकुन्य या गावांतले बंधू आधी चांगलं बोलत होते, मग प्रेषित पौलाने त्याला बरोबर घेतलं, आणि तो चालता चालता शिकला. शिवाय सेवक पगारी नकोच, पौल करिंथात अक्विल्लाकडे राहून तंबू करायचा.

रात्रीचा_दिवा
आणि तोच पौल इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज बसायचा, ते शिक्षण नव्हतं का? पगाराचं म्हणाल तर फिलिप्पैकरांनी त्याला थेस्सलनीकात असताना मदत पाठवली आणि त्याने ती घेतली.

रानवारा
साऊंड सिस्टिमबद्दल सांगतो, सुरुवातीला मोठा मिक्सर अजिबात घेऊ नका, वीस-पंचवीस लोकांत एक साधा स्पीकर पुरतो, आम्ही उगाच खर्च केला होता.

जुनी_वही
रानवारा, ते नंतर बघू. मोहरीचा_दाणा, माझे प्रश्न तसेच राहिलेत.

मोहरीचा_दाणा
सॉरी. सव्वाशे लोकांची मंडळी. एकजण युवकांची मीटिंग घेतो, त्याचं लग्न झालंय. दुसरा गिटार वाजवतो, त्याचा बाप्तिस्मा मागच्या वर्षी झाला. संदेश (प्रवचन) दोघांनी मिळून तीनदा दिलाय. प्रभुभोजन, मयत, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं पाळकसाहेबच (पास्टर) बघतात.
आणि एक गोष्ट लिहिली नव्हती. चार वर्षांपूर्वी एका जोडप्याला आम्ही सहा आठवड्यांचा कोर्स करून पाठवलं होतं. सर्टिफिकेट दिलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तीन महिने फोन केले आणि मग आमच्यातल्या कोणीच केला नाही. अकराव्या महिन्यात ते परत आले. त्यातला नवरा, आमचा दादा, आता शेवटच्या बाकावर बसतो आणि शेवटच्या प्रार्थनेआधी उठून जातो. मला परत तेच व्हायला नकोय.

जुनी_वही
हे आधी सांगायला हवं होतंत. मग कागद बाजूला ठेवा. बाप्तिस्म्याला वर्ष झालेल्याला इतक्यात पाठवू नका, अध्यक्ष, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा, नवशिका नसावा असं पौलाने तीमथ्याला स्पष्ट लिहिलंय. अंत्युखियाच्या मंडळीत पाच संदेष्टे आणि शिक्षक होते, त्यातले बर्णबा आणि शौल (म्हणजे पौलच) बाहेरच्या सेवेसाठी दिले गेले, आणि त्या दोघांनी आधी तिथेच अख्खं वर्ष लोकांना शिकवलं होतं. म्हणजे हाताशी असलेली कामाची माणसं पाठवली, आणि तीही एकट्याला नाही. परत आल्यावर मंडळी जमवून त्यांनी सगळं सांगितलं. तुमच्याकडे ऐकायला कोणी बसलं होतं का?
आता काम द्या. प्रत्येकाला पाच कुटुंबं सोपवा, त्यांचं आजारपण, भांडण, मयत त्यानेच बघायचं, पाळकांनी सोबत जायचं पण तोंड बंद ठेवायचं (हे पाळकांना फार जड जातं, आमच्याकडे गेलं). घरगुती गट शून्यातून सुरू करू द्या. संदेश दिला की सोमवारी दोघांनी बसून तो उकलायचा, ऐकणाऱ्याला नेमकं काय कळलं ते विचारायचं. दानाचा हिशोब लिहायला शिकवा. आणि गट दुसऱ्याच्या हाती देऊन तो बाहेर पडला आणि गट टिकला, तर तो तयार झाला समजा. पौलाने तीमथ्याला लिहिलं त्यात चार पिढ्या आहेत, पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती ज्यांना शिकवतील ते. तुम्ही दुसऱ्या पिढीवर थांबताय.

पाणपोई
मी अशाच एका सेवकाची बायको आहे म्हणून बोलते. जायचं ठरलं तेव्हा मला कोणी विचारलंच नाही. तिथे गेल्यावर बायका माझ्याकडे यायच्या, रडायच्या, आणि मला काय करायचं ते माहीत नसायचं. अपुल्लो नावाच्या उपदेशकाला बाजूला घेऊन नीट समजावणाऱ्यांत अक्विल्लाची बायको प्रिस्किल्ला होती हे लक्षात ठेवा. त्या मुलाच्या बायकोला वेगळं बसवून विचारा, नवऱ्यासमोर नको.
आणि शेवटच्या बाकावरच्या दादांना शिकवायला बोलवा. योहान मार्क पौल-बर्णबाच्या प्रवासातून अर्ध्यातून परत गेला होता, त्याच्यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले, पण शेवटी पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.

तंबूवाला
ताईंचं पटलं. पगाराचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

मोहरीचा_दाणा
शनिवारी छापील काही ठेवत नाही, पाच-पाच कुटुंबांचंच मांडतो आणि गिटारवाल्याला थांबवतो. दादाला आत्ता फोन केला. बराच वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "त्यातल्या लग्न झालेल्याला आधी माझ्या घरी पाठव. बायकोसकट."