तारेत थेट लाइट सोडू नका

कुणीतरी लिहिलंय, पिकात शिरणारी रानडुकरं थांबवायची तर शेताच्या कुंपणाला घरची लाइट जोडा. कृपा करून असलं करू नका. त्या तारेला रात्री पाणी पाजायला निघालेला माणूसच चिकटतो, आणि गुन्हा वेगळा. त्यापेक्षा सौर कुंपण, म्हणजे सौरऊर्जेवर चालणारी झटक्याची तार, लावा; त्यात झटका क्षणभरच येतो, जनावर दचकून मागे फिरतं.

आमच्या शिराळ्याकडे (जि. सांगली) एक गोष्ट सगळेच विसरतात: डुकरं फक्त चांदोलीच्या जंगलातून येत नाहीत, दिवसभर उसातच बसतात. म्हणून भुईमुगाला तार चारही बाजूंनी हवी, खालची जमिनीलगत, आणि तिला गवत टेकू द्यायचं नाही. नुकसान झालंच तर तीन दिवसांत वनखात्याकडे अर्ज द्या. पंचनाम्याआधी रान नांगरू नका.