विषय: नवा लॅपटॉप – मायएसक्यूएल कुठलं टाकायचं?

निनाद:
मंडळी, नवा लॅपटॉप आला. जुन्याचं बिजागर गेलंय, स्क्रीन हाताने धरून बसावं लागतं. त्यामुळे सभासदांचा डेटाबेस याच आठवड्यात हलवतोय, संक्रांतीची नोंदणी शनिवारी उघडायची आहे. जुन्यावर मायएसक्यूएलची, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, ५.६ आवृत्ती आहे. नव्यावर तेच, की ८.०, की ८.४? ५.६ ला २०२१ पासून दुरुस्त्या येत नाहीत, ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ ला संपली आणि ८.० ची एप्रिल २०२६ पर्यंतच. माझं मत ८.४. कुणाची हरकत?

सुहास:
माझी. माझा नोंदणीचा प्रोग्राम ५.६ वर लिहिलाय. गणपतीला दारावर रांग लागली होती तेव्हा एकदाही अडला नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला? आणि हॉलच्या तळघरात वायफाय नसतं, तिथेही तो चालतो. तेव्हा परत गूगल शीटचा विषय कृपया नको.

मेधा:
विषय मी काढला नव्हता, पण निघालाच आहे तर सांगते. दिवाळीला जैन जेवणाचा आकडा बरोबर आला तो माझ्या शीटमुळे. डेटाबेसमध्ये जैनला रकानाच नाही, सुहास ते ‘शेरा’मध्ये लिहितो आणि मग शेरा कोणी वाचत नाही. केटररला फोन मला करावे लागतात.

प्रभाकर:
चि. निनाद, झॅम्प नावाचा संच टाक, डेटाबेस, सर्व्हर, एकात सगळं येतं. बाकी आवृत्ती कुठलीही घे, जुनं लगेच पुसू नकोस. बँकेत आम्ही लेजर संगणकावर चढवलं तेव्हा कित्येक महिने वहीतही लिहायचो आणि मशीनमध्येही. रात्री दोन्ही बेरजा जुळल्याशिवाय साहेब घरी सोडत नसत. एकदा सतरा पैशांसाठी शेवटची लोकल चुकली.

निनाद:
काका, झॅम्पमध्ये मायएसक्यूएल म्हणून दिसतं ते २०१५ पासून मारियाडीबी नावाचं वेगळं सॉफ्टवेअर असतं. चुलत घराणं आहे, पण आता दोघांच्या चाली वेगळ्या झाल्यात. त्यात नको शिरायला.

अश्विनी:
मारिया ही दोन्ही सुरू करणाऱ्या मायकेल विडेनियसची धाकटी मुलगी! थोरली माय, तिच्यावरून मायएसक्यूएल. मुलगा मॅक्स, त्याच्या नावाचाही मॅक्सडीबी होता. सुहास, तुझ्या प्रोग्रामला अजून नावच नाही, बघ.

निनाद:
काल रात्री कॉपीवर ८.४ करून पाहिलं. डेटाचा फोल्डर तसाच उचलून चालत नाही, तसं करायचं तर आधी ५.७, मग ८.०, मग ८.४ अशा पायऱ्या चढाव्या लागतात. मी डम्प, म्हणजे सगळा डेटा एका फाइलमध्ये, काढून सरळ भरला. तीन गोष्टी अडल्या.

नावं. ‘कुलकर्णी’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले फ्रेंच ए, ओळभर. टेबलं लॅटिन-१ ची, म्हणजे युरोपीय अक्षरांच्या संकेताची, आहेत आणि आत मराठी युनिकोड कोंबलंय. जुना प्रोग्राम तसंच आत टाकायचा, तसंच बाहेर काढायचा, म्हणून इतकी वर्षं दिसलं नाही. डम्प लॅटिन-१ म्हणूनच काढला, फाइलमध्ये टेबलांचा कॅरेक्टर सेट (अक्षरांचा संकेत) बदलून यूटीएफ८एमबी४, म्हणजे युनिकोडचा, केला आणि त्याच सेटने भरला. ‘ज्ञानेश्वर’, ‘ऱ्हस्व’ सगळं नीट आलं.

दुसरं, ढोल पथक, नाटक, शाळा यांचं टेबल ‘ग्रुप्स’ नावाचं आहे. ८.० पासून तो राखीव शब्द झालाय, त्यामुळे तिथली क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) पडते. नावाला दोन्ही बाजूंनी बॅकटिक (`) लावले की चालतं.

तिसरं जास्त छुपं आहे. ज्यांनी जन्मतारीख दिली नाही त्यांची तारीख सगळी शून्यं. डम्प मुकाट आत जातो, कारण भरताना तो स्वतःचाच, सैल नियमांचा मोड लावतो. पण नंतर त्या माणसाचा पत्ता बदलून सेव्ह केलं की एरर. शनिवारी रांगेत नेमकं हेच झालं असतं. शून्यांऐवजी तो रकाना रिकामा चालेल असा करायला हवा.

सुहास:
पासवर्डचं काय? ८.४ मध्ये तो तपासायची जुनी पद्धत मुळात बंद असते.

निनाद:
नव्यावर पीएचपी (प्रोग्राम ज्यावर चालतो ते) ८.२ आहे, त्याला नवी पद्धत कळते. जोडून पाहिलं, चालतंय.

सुहास:
ठीक, ८.४ करा. पण ग्रुप्स आणि तारखेचा कोड मी बदलणार, परस्पर हात लावू नकोस. गुरुवारी सातनंतर घरी ये, दोन्ही लॅपटॉप आण. जुना शनिवारी शेजारी चालू ठेवू, पण नवी नोंद त्यात करायची नाही. काकांच्या बँकेसारखं दोन्हीकडे लिहायला आपल्याकडे दारावर माणसं नाहीत.

मेधा:
टेबलं उघडताच आहात तर जैनचा रकाना टाका.

सुहास:
संक्रांतीनंतर.

मेधा:
मग शनिवारी शीट माझ्या फोनवर उघडी असेल, हे आत्ताच सांगून ठेवते.