तापमानवाढ माणसामुळेच? मला अजून पटलेलं नाही

सातबारा
हवामान बदलत नाही असं मी म्हणत नाहीये, तेव्हा कृपया पहिल्याच प्रतिसादात वितळत्या बर्फावरच्या अस्वलाचा फोटो डकवू नका. माझा आक्षेप त्याच्या पुढच्या वाक्याला आहे: "आणि हे सगळं माणसानं केलंय." ते हल्ली इतकं सवयीनं म्हटलं जातं की कशावरून असं विचारणाराच वेडा ठरतो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तेव्हा कोणाच्या दारात डिझेलची गाडी होती? 1630 च्या दुष्काळात तुकोबांच्या घरातलं माणूस अन्नावाचून गेलं. 1876 ते 78 मध्ये अख्खं दख्खन होरपळलं. पावसाचा लहरीपणा आपल्या पाचवीलाच पुजलेला आहे.

आता आकडे. समुद्र, जंगलं, माती मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात त्याच्यापुढे माणसाचा वाटा पाचेक टक्के. त्या पाच टक्क्यांनी पृथ्वी तापली आणि उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांनी काहीच केलं नाही?

तज्ज्ञांचं म्हणाल तर आयपीसीसीनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीनं, 2007 च्या अहवालात छापलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत संपू शकतात. भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांच्या अहवालानं 2009 मध्ये उलट मत मांडलं, तर तेव्हाचे आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला 'वूडू सायन्स', म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान, म्हणून उडवून लावलं. दोन-तीन महिन्यांत, जानेवारी 2010 मध्ये, आयपीसीसीलाच ते विधान मागे घ्यावं लागलं.

आणि सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते हे, की नालेसफाई झाली नाही, नदीत भराव टाकला, पाणी घरात शिरलं, की साहेब कॅमेऱ्यासमोर येऊन सांगतात, "क्लायमेट चेंजमुळे अभूतपूर्व पाऊस झाला." खापर फोडायला आभाळ बरं सापडलंय.

मास्तर
तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. बाकीच्याचं बघू.

पाच टक्क्यांचा हिशेब अर्धाच मांडलाय. निसर्ग सोडतो तितकं शोषूनही घेतो, ती बाजू कुठे गेली? माणूस कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला 3,700 कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. हवेतली वाढ मोजली तर ती त्याच्या साधारण निम्मी भरते. म्हणजे निसर्ग वरचं काही टाकत नाही, उलट आपण टाकलेल्यातलं निम्मं तोच गिळतोय. वाढ निसर्गामुळे असती तर ती आपण सोडतो त्यापेक्षा जास्त दिसायला हवी होती. ही बेरीज-वजाबाकी आहे, इथं मॉडेलबिडेल काही लागत नाही.

तरी कोणाला वाटेल की हा वायू समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून आला असेल. तर कार्बनला ओळखपत्र असतं: त्याचे अणू कमी-जास्त वजनाचे असतात, 12, 13 आणि 14. वनस्पती हवेतला हलका कार्बन-12 जास्त पसंत करतात आणि कोळसा हा गाडलेल्या वनस्पतींचाच. तो जाळला की हवेत कार्बन-13 चं प्रमाण घटतं. ते घटतंय. कार्बन-14 साधारण 5,700 वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षं जुन्या कोळशात तो उरतच नाही. पन्नासच्या दशकात अणुचाचण्यांनी गोंधळ घालण्याआधीच हवेतला कार्बन-14 पातळ होत चाललेला आढळला होता. शिवाय हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित पण सातत्यानं कमी होतोय, कारण जाळायला तो लागतो. वायू समुद्रातून सुटला असता तर तसा घटला नसता.

हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंगनं 1958 मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 315 च्या आसपास भाग होते. आता 420 च्या पुढे. कारखानदारीच्या आधी 280 होते.

सातबारा
बरं, वायू आपला हे धरून चालू. पण तापमान त्यामुळेच वाढलं कशावरून? अंटार्क्टिकातल्या व्होस्टॉक केंद्रावर खोदून काढलेल्या जुन्या बर्फात तर उलटं दिसतं. हिमयुग संपताना आधी तापमान वाढलं आणि कार्बन डायऑक्साइड काहीशे वर्षं मागून आला. कारण मागून येतं होय?

उलटतपासणी
सातबारा, चांगला मुद्दा. भर घालतो. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल? 1979 मध्ये अमेरिकेत चार्नी समितीनं उत्तर दिलं: दीड ते साडेचार अंश. 2013 च्या आयपीसीसी अहवालातलं उत्तर: दीड ते साडेचार अंश. चौतीस वर्षं, जगभरचे महासंगणक, आणि उत्तर जागचं हललं नाही! ज्यांना मूळ आकड्याचा अंदाज तिपटीच्या फरकानं येतो त्यांनी "विज्ञान निःसंशय आहे" म्हणावं याची गंमत वाटते.

आणि 1975 मध्ये 'न्यूजवीक'नं पृथ्वी थंड होत चालल्याची बातमी छापली होती हेही जाता जाता.

मास्तर
न्यूजवीक सोडून देतो, साप्ताहिक आणि शोधनिबंध यांत फरक असतो.

सातबारा, हिमयुगं संपतात ती पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या फरकांनी. ते फेरे हजारो वर्षांचे असतात. त्यानं थोडं तापलं की समुद्रातून वायू सुटतो आणि मग तो वायू तापमान आणखी चढवतो. तेव्हा सुरुवात सूर्यप्रकाशानं केली आणि भर वायूनं घातली. आता सुरुवातच वायूनं झालीय. जंगलाला वीज पडून आग लागते म्हणून काडीनं लागतच नाही असं होत नाही.

"वाढलं म्हणून कारण शोधलं" असा सूर दिसतो, तो तारखांत बसत नाही. हा वायू उष्णता अडवतो हे टिंडॉल या शास्त्रज्ञानं 1859 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. अऱ्हेनियसनं कोळशामुळे पृथ्वी तापेल का याचं गणित 1896 मध्ये हातानं केलं. म्हणजे इकडे मुंबईत प्लेगची साथ आली त्या वर्षी. तापमान लक्षात येण्याजोगं वाढायच्या कितीतरी आधी.

आता सूर्य. उपग्रह 1978 पासून सूर्याची ऊर्जा मोजतायत. अकरा वर्षांचं चक्र सोडलं तर त्यात वाढ नाही, झालीच तर किंचित घट. तापमान मात्र त्याच काळात चढत गेलं. सूर्य दोषी असता तर वातावरणाचा खालचा थर आणि वरचा थर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा स्थितांबर गार होतोय. उष्णता खालीच अडकत असेल आणि वरचा वायू आपली उष्णता बाहेर फेकत असेल तर नेमकं असंच होणार. मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये हे गणितानं सांगितलं होतं, उपग्रहांनी मोजायच्या आधी. मनाबेंना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

उलटतपासणी
स्थितांबर गार होतंय ते ओझोन घटल्यामुळे. हे सांगायचं राहिलं वाटतं?

मास्तर
खालच्या भागात ओझोनचा वाटा मोठा आहे, बरोबर. पण अगदी वरच्या भागातली घट एकट्या ओझोननं भरून निघत नाही, तिथे कार्बन डायऑक्साइड लागतो. आणि ओझोन कोणी घटवला हो? फ्रिजमधले वायू काय माकडांनी सोडले होते?

दीड ते साडेचार बद्दल: 2021 च्या अहवालात ती पट्टी अडीच ते चार झालीय. ढगांचं गणित अवघड आहे म्हणून इतकी वर्षं लागली. पण तुमच्या जुन्या पट्टीतसुद्धा शून्य कुठे आहे ते दाखवा. वाद किती यावर होता, तापेल की नाही यावर नव्हता.

पोफळी
मी चिपळूणची. तुमची वरच्या थराची चर्चा वाचली, आता जरा खालच्या थरातलं ऐका. चिखलाच्या.

22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत. पाणी ओसरल्यावर दुकानांच्या शटरमधून जो गाळ निघाला तो फावड्यानंही उचलत नव्हता, वाळला की खडू आणि ओला असला की साबण. वह्या, साड्या, औषधं, सगळं एकाच रंगाचं. त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पडला होता आणि रायगडातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. मग सुरू झालं: कोणी म्हणे हवामान बदल, कोणी म्हणे कोयनेच्या वीजप्रकल्पातलं वापरलेलं पाणी, अवजल, सोडलं, कोणी म्हणे नदीत बेटं तयार झालीत. गाळ काढा म्हणून लोकांना उपोषणाला बसावं लागलं. पुढे पूर कुठवर येतो ते दाखवणारी निळी रेषा, लाल रेषा आली आणि ज्यांची घरं पूररेषेत गेली त्यांची बांधकामं अडकली.

मला कळत नाही की "हवामान बदल किंवा प्रशासन" असं निवडायला का लावता? पाऊस जास्त पडला तो एका कारणानं, पाणी तुंबलं ते दुसऱ्या. डोंगर कापले तेही माणसानंच ना?

सातबारा
पोफळीताई, माझं म्हणणं वेगळं काय आहे? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला 73. एकाच शहरात! हा जागतिक प्रकार आहे की स्थानिक? मिठी नदी अडवली ती कोणी, कार्बननं?

मास्तर
एका दिवसाच्या एका पावसावर कोणीच शहाणा माणूस शिक्का मारणार नाही. शंका घ्यायची तर अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 1950 ते 2015 च्या नोंदी तपासल्या. गुजरात-महाराष्ट्रापासून पूर्वेकडे पसरलेल्या मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झालेल्या निघाल्या. ओलावा मोठ्या प्रमाणात तापत्या अरबी समुद्रावरून येतो.

आणि गंमत बघा, भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार 1951 ते 2015 या काळात मोसमी पाऊस एकूण सहा टक्क्यांनी घटलाय, त्यात पश्चिम घाट ठळक आहे. एकूण कमी आणि पडला की धो धो. हा सरकारी अहवाल आहे, कुठल्या परदेशी एनजीओचा नाही.

उलटतपासणी
त्याच अहवालात हेही आहे की 1901 ते 2018 मध्ये भारताचं तापमान फक्त 0.7 अंशानं वाढलं. जगाच्या सरासरीपेक्षा कमी. मग आपल्या डोक्यावर हा बागुलबुवा कशाला? आणि त्यातला किती वाटा शहरांतल्या सिमेंटचा?

मास्तर
त्याच परिच्छेदात पुढे कारण दिलंय. धूर आणि धूलिकण ऊन अडवतात, म्हणून आपली तापमानवाढ काही अंशी झाकली गेलीय. उद्या चुली, वीटभट्ट्या, औष्णिक केंद्रांचा धूर साफ केला, जो फुप्फुसांसाठी करायलाच हवा, तर ते झाकण निघेल. सिमेंटचं म्हणाल तर उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग 1951 ते 2015 मध्ये एक अंशानं तापलाय. तिथं कोणी टॉवर बांधले नव्हते.

न्यू जर्सीकर
सगळे "माणूस, माणूस" करताय. कोणता माणूस? इथे माझ्या शेजारी दोघंच राहतात, तीन गाड्या आहेत, आणि बाहेर बर्फ असताना घरात हाफ चड्डीत बसता येईल इतकं हीटिंग. अमेरिकेत माणशी साधारण 14 टन कार्बन डायऑक्साइड, भारतात दोनच्या आसपास. आजवर जगात जितका सोडला गेला त्याचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. मी इथं राहतो म्हणजे त्यात मीही आलोच. पण "मानवजात जबाबदार" म्हटलं की चंद्रपूरचा मजूर आणि टेक्ससचा तेलवाला एका रांगेत उभे राहतात, ते मला मान्य नाही.

सातबारा
व्वा. म्हणजे यांनी जाळायचं आणि कोळसा बंद करा म्हणून उपदेश आम्हाला. चंद्रपूरचं केंद्र 2,920 मेगावॉटचं आहे, ते बंद केलं तर पंप कशावर चालवू? दिवसा वीज नाही म्हणून रात्री थंडीत, सापकिरडाच्या भीतीत पाणी द्यायला जातो आम्ही. माझी शंका खरी तिथून सुरू होते. विज्ञान कोणाच्या खिशाच्या सोयीचं आहे ते आधी बघतो मी.

मास्तर
खिशाचंच बघायचं तर एक्झॉन या अमेरिकन तेलकंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात केलेले तापमानवाढीचे अंदाज बघा. बरेचसे बरोबर निघाले. आणि कंपनी मात्र जाहीरपणे शंका पेरत राहिली. सोय कोणाची होती?

तुमच्या रात्रीच्या पाण्याचा राग रास्त आहे. पण चंद्रपूर आज बंद करा असं इथे कोण म्हणालं? कारण कोणतं हा एक प्रश्न, किंमत कोणी मोजायची हा दुसरा. दुसऱ्यात तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत, त्यासाठी पहिल्याचं उत्तर बदलायची गरज नाही.

सातबारा
बर्फ आणि कार्बनच्या ओळखपत्राचं वाचून बघतो. पण 2035 सारखी फेकाफेक करणाऱ्यांवर आंधळा विश्वास टाकणार नाही, आणि अध्यक्षानं "वूडू" म्हटलं त्याचं उत्तर तुम्ही टाळलंत हे नोंदवून ठेवतो.

मास्तर
टाळलं नाही, बचाव करण्यासारखं त्यात काही नाही. उद्धटपणाच होता तो. पण चूक निघाली ती हिमनद्या किती वेगानं वितळतात याच्या एका परिच्छेदात. अऱ्हेनियसचं गणित त्यानं चुकत नाही.

कातळ
देवगड. हापूस. शाळेनंतर विज्ञानाशी संबंध नाही, त्यामुळे मधे पडत नव्हतो.

यंदा एकाच झाडावर कैरी सुपारीएवढी आणि शेजारच्या फांदीवर नवा मोहोर. थंडी लांबली, मधेच परत पडली की झाड पुन्हा मोहोरतं, मग अन्न नव्या मोहोराकडे जातं आणि धरलेली फळं गळतात. वर ढगाळ हवा, तुडतुडे, थ्रिप्स. फवारण्यांवर फवारण्या. उलटतपासणी म्हणतील बघा, थंडी वाढली, तापमानवाढ कुठाय! म्हणा. मला इतकंच दिसतं की आजोबांचं वेळापत्रक आता चालत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे, कोणाला माहीत असेल तर सांगा. फळपीक विम्यात पैसे मिळतात ते तापमान, अवेळी पाऊस अशा ट्रिगरवर, म्हणजे ठरलेली मर्यादा ओलांडली की, आणि मोजणी होते महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. आमच्या मंडळाचं यंत्र आहे वर सड्यावर, बागा खाली खाडीकडे. खाली पाऊस पडतो तेव्हा वर पडेलच असं नाही. यंत्राची जागा बदलून मागायची किंवा दुसरं बसवून घ्यायचं तर अर्ज कृषी कार्यालयात करायचा की विमा कंपनीकडे? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतायत.

पोफळी
तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्या, आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. आमच्याकडे तोंडी सांगितलेलं सगळं पुरात वाहून गेलं.