'आस्क फॉर सोलकढी': विचारा, मागा की सांगा?

सुरंगी:
गुहागरला आमची चार खोल्यांची घरगुती राहण्याजेवण्याची सोय आहे. जेवणघरात पाटी लावायची आहे. भाचीने इंग्रजीत लिहून दिलं, 'प्लीज आस्क फॉर मोअर सोलकढी'. मोबाइलने त्याचं मराठी केलं, 'कृपया अधिक सोलकढीसाठी विचारा'. तशीच रंगवायला देणार होते, तर सासूबाई म्हणाल्या, "विचारा म्हणजे? असेल-नसेल असं आहे का आपल्याकडे? तपेलंभर कढी असते." 'मागा' लिहावं तर ह्यांना त्यात भिकेचा वास येतो. रंगारी शनिवारी येतोय. काय लिहू?

तिरफळ:
सासूबाईंना नमस्कार सांगा. मराठीत प्रश्न विचारतात, वस्तू मागतात. 'दुकानात साखर विचारून ये' म्हणजे आहे का बघून ये. 'साखर मागून आण' म्हणजे शेजारून वाटी भरून आण. इंग्रजी 'आस्क' दोन्हीकडे चालतो, मागे 'फॉर' लागला की मागणं. 'मागून घ्या' लिहा. पंगतीत वाढपी हेच म्हणत फिरतो, त्यात भीक कुठे आली?

खाडीपलीकडे:
वाढप्याने तोंडाने म्हटलेलं गोड लागतं हो, भिंतीवर रंगवलं की दटावल्यासारखं दिसतं. आमच्याकडे 'काय व्हया तां सांगा' म्हणतत. विचारूक नको, मागूक नको.

कातळशिल्प:
गंमत म्हणजे 'आस्क' आणि आपली 'इच्छा' एकाच मुळातल्या (संस्कृत इष्, इच्छति). जुन्या इंग्रजीत त्याची दोन रूपं होती, 'आस्कियन' आणि 'आक्सियन'. तेव्हा आज कुणी 'आक्स' म्हणाला तर हसू नये, तेही जुनंच आहे. उलट प्रार्थनेचा 'प्रे' लॅटिनमधून आला आणि त्याचं नातं आपल्या 'प्रच्छ्'शी. पृच्छा, प्रश्न आणि जुनं मराठी 'पुसणे' त्याच घरातले. 'विचारपूस'मधली पूस ती हीच. म्हणजे त्यांची प्रार्थना आपल्या प्रश्नाची चुलत बहीण आणि त्यांचं विचारणं आपल्या इच्छेचं.

तिरफळ:
हे कढीत कधी घालायचं, मिरचीच्या आधी की नंतर?

खळ्यातला:
तिरफळराव, हसू नका, आमच्या देवळात हे डोळ्यांनी दिसतं. आधी गाऱ्हाणं घालतात, 'बा देवा म्हाराजा', आणि सगळे 'व्हय म्हाराजा'. ते मागणं. मग गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंना कळे लावून कौल घेतो, उजवा पडला तर होकार. ते विचारणं. चुलतभावाचा इंग्रजी माध्यमातला मुलगा शेजारी उभा होता, त्याला दोन्हींना एकच शब्द पुरला. आणि गाऱ्हाण्याचं सांगायचं तर, घाटावर ते तक्रार. पुण्याची वहिनी पहिल्यांदा आली तेव्हा दचकली, "शुभकार्याच्या दिवशी कोणाची गाऱ्हाणी सांगताय?"

कातळशिल्प:
गाऱ्हाणं हे 'गर्हणा'वरून आलं असावं असं माझं मत आहे, निंदा ह्या अर्थाने. मग घाटावरचा अर्थ मूळचा ठरतो.

खळ्यातला:
देवाची निंदा करतो काय आम्ही?

सुरंगी:
पाटीचं बघा ना कुणीतरी.

शब्दशुद्ध:
'सोलकढी अधिक हवी असल्यास विनंती करावी.' सभ्य, शुद्ध.

तिरफळ:
त्यापेक्षा अर्जच मागवा. दोन प्रतींत.

शब्दशुद्ध:
अर्ज अरबी आहे. सावरकर १९२४ ते १९३७ आपल्याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीचा त्यांनी इतका ध्यास घेतला, आणि आपण पाटीवर सुद्धा चार अक्षरं धड लिहू नयेत?

खळ्यातला:
मग कौलाचं काय करायचं? तोही अरबीच, कौल म्हणजे दिलेला शब्द. गुरवाला सांगू का, 'देवाचा अभिप्राय लावा'?

शब्दशुद्ध:
तो आता देवाचा शब्द झाला. देवळाची गोष्ट वेगळी.

तिरफळ:
मग अर्ज तलाठ्याचा झाला. त्याचीही गोष्ट वेगळी.

खाडीपलीकडे:
तुम्ही 'विचारणं' फार स्वस्त केलंत पण. माझी आजी शेवटी शेवटी म्हणायची, "माका आता कोण इचारता?" तिला कोणी प्रश्न घालावेत असं नव्हतं. आणि 'त्यांनी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही' ह्यात कोण कोणाला विचारतंय बघा. विचारायचं यजमानाने. पाहुण्याने विचारायची पाटी लावली म्हणजे आपण विचारणार नाही असंच सांगितल्यासारखं नाही का, सुरंगीताई?

सुरंगी:
सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मी तांब्या घेऊन फिरते ती कशाला?" पण ऐन मे महिन्यात चाळीस पानं असतात, त्यांचे गुडघे आहेत. पाटी हवीच.

तिरफळ:
'मागून घ्या.' दुसऱ्यांदा सांगतो.

शब्दशुद्ध:
आणि 'कढी' तरी बरोबर आहे का? कढी ताकाची. हे आमसुलाचं सार.

खळ्यातला:
सार गरम असतं हो! नारळाच्या रसाची ती सोलकढी, रस नसेल तर फुटी कढी. रत्नागिरीकरांना एवढं तरी यायला हवं.

कातळशिल्प:
'सोल' हा शब्द सोलण्यावरून आला की...

सुरंगी:
रंगारी एक दिवस आधीच येऊन गेला. मी बाजारात होते. ह्यांनी त्याला फोनवर सांगितलं आणि त्याने रंगवलं, 'सोलकढी विचारली जाईल'. अक्षर मात्र सुरेख आहे त्याचं.