चुंबकीय 'शीतक' म्हणावे का?

भाषांतरकार: हायड्रोजन द्रवरूप करण्याच्या चुंबकीय पद्धतीवरचा लेख मराठीत आणतो आहे. होल्मियम, एर्बियम, डिस्प्रोशियम या धातूंच्या संयुगांना 'शीतक' म्हटलं, तर संपादक म्हणतात, शीतक म्हणजे फ्रिजच्या नळ्यांतून फिरतो तो. दुसरा शब्द सुचवाल का?

तापमापी: संपादकांचं बरोबर आहे. हा पदार्थ शेवटपर्यंत घनच राहतो. चुंबकीय क्षेत्रात नेला की अणूंच्या चुंबकीय दिशा एकसारख्या होतात आणि तो तापतो. ती उष्णता काढून घेऊन क्षेत्र हटवलं की दिशा पुन्हा विस्कटतात आणि पदार्थ गार पडतो. बऱ्याच यंत्रांत ही उष्णता हेलियम वायू वाहून नेतो. म्हणजे दोघांनाही 'शीतक' म्हटलंत तर वाचक गोंधळणारच. मी 'चुंबकीय शीतनद्रव्य' लिहीन.

भाषांतरकार: आणि 'निश्चुंबकन'? तो शब्द याच अर्थी चालेल?

तापमापी: तो फक्त क्षेत्र हटवण्याच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. विल्यम जिओक यांनी 1933 मध्ये गॅडोलिनियम सल्फेट वापरून 0.25 केल्विन गाठलं, ते निश्चुंबकनानंच. 1949 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना अतिनीच तापमानावरच्या कामासाठीच मिळालं. हायड्रोजनसाठी मात्र तापणं-गार होणं हे चक्र सतत चालवावं लागतं, तिथे 'चुंबकीय शीतन' हाच व्यापक शब्द हवा.

शब्दप्रेमी: मसुद्यात 'हायड्रोजन गोठवणे' दिसलं. ते कृपया बदला. हायड्रोजन 20.3 केल्विनला, म्हणजे उणे 253 अंश सेल्सिअसच्या आसपास, द्रव होतो. गोठतो तो 14 केल्विनला. टाकीत भरायचा असतो द्रव. 'द्रवीकरण' रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा.

भाषांतरकार: बदलतो. एक अडचण अजून आहे. द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनपासून खाली उतरताना एकामागून एक वेगवेगळी द्रव्यं वापरतात. 'मालिका' लिहू की 'साखळी'?

तापमापी: 'उतरंड' लिहा! स्वयंपाकघरातल्या मडक्यांसारखी, प्रत्येकाची जागा ठरलेली. प्रत्येक द्रव्याचा परिणाम त्याच्या क्युरी तापमानाच्या (ज्याच्या वर पदार्थाचं स्वतःचं चुंबकत्व नाहीसं होतं, त्या तापमानाच्या) आसपासच जोरदार असतो, म्हणून एकाच द्रव्यावर सगळा प्रवास होत नाही. 2020 मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या संशोधकांनी यंत्र-शिक्षणाच्या मदतीनं होल्मियम डायबोराइड हेरलं. त्याचं क्युरी तापमान 15 केल्विन, म्हणून ते या उतरंडीच्या अगदी खालच्या टोकाला शोभतं. 'क्युरी तापमान' मात्र जसंच्या तसं ठेवा.

शब्दप्रेमी: 'उतरंड' मलाही आवडला. पण मडक्यांच्या उतरंडीत सर्वांत मोठं मडकं तळाशी असतं, आणि इथे तळ म्हणजे सर्वांत थंड टोक. पहिल्यांदा वापराल तिथे 'तापमानाच्या उतरत्या क्रमानं' एवढं जोडा.

भाषांतरकार: जोडतो. मग वाक्य असं होईल: 'तापमानाच्या उतरत्या क्रमानं रचलेल्या शीतनद्रव्यांच्या उतरंडीतून हायड्रोजनची उष्णता टप्प्याटप्प्यानं काढून घेतली जाते.'

तापमापी: 'रचलेल्या' गाळलंत तरी चालेल, उतरंड रचलेलीच असते. बाकी वाक्य छान उतरलंय.